बहार धरण्यापूर्वी



पौष महिन्यात सौंसरहून पांढुर्ण्याकडे निघालो, की वाटेवरच्या संत्र्यांच्या बागा काहीशा म्लान दिसतात. पाने किंचित वळलेली, माती कोरडी. परक्या माणसास वाटावे, की बागवानाचे लक्ष उडाले आहे. वस्तुतः त्याने बागेला ताण दिलेला असतो. आंबिया बहार धरावयाचा, तर आधी पाणी तोडून झाडाला विसावा द्यावा लागतो. मग खतपाणी देऊन ताण सोडला, की फेब्रुवारीच्या सुमारास झाड फुलांनी पांढरे होते. ही विद्या मी तुम्हांस शिकवावी असे नव्हे. तुम्हीच ती मला शिकविली आहे.

आपल्या धर्मग्रामातील एका वयोवृद्ध बागवानांना मी एकदा विचारले, "काका, त्या कोपऱ्यातल्या झाडांना तुम्ही ताण का दिला नाही?"

ते म्हणाले, "फादर, त्या झाडाइले डिंक्या आहे. आधी त्याचं दुखनं काढाव, मंग बहार धराव. बिमार झाडाले ताण देल्ला तं बहार तं जाईनच, झाडबी जाईन."

हे वाक्य मी त्या दिवशी ऐकले आणि विसरलो. त्याची आठवण मला एका दुःखाच्या प्रसंगी झाली. तो प्रसंग आज मी त्या दांपत्याच्या संमतीने, त्यांची ओळख पटू नये अशा रीतीने, तुम्हांस सांगणार आहे. कारण त्यात माझीही चूक आहे, आणि ती चूक आपल्या अनेक घरांत होत असावी असे मला वाटते.

विवाहास सहा वर्षे झाली होती. मूल नव्हते. पत्नीची मासिक पाळी दोन-दोन महिने येत नसे. छिंदवाड्यास दाखविले, तेव्हा थायरॉइडचा विकार निघाला आणि रोज सकाळी घ्यावयाची गोळी सुरू झाली. पुढे कोणी तरी सुचविल्यावरून ती दोघे नागपुरास गेली. आपल्या भागाची ही जुनीच रीत आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेले आणि आपण इकडे राहिलो. २०२३ साली पांढुर्णा स्वतंत्र जिल्हाही झाला. परंतु आजारपण आले, की आपली पावले अजून नागपूरच्या वाटेला लागतात. नागपुरातील डॉक्टरांनी स्त्रीबीज तयार होण्यासाठी पाच दिवसांची गोळी लिहून दिली. त्या नव्या कागदावर केवळ नवी गोळी लिहिलेली होती. जुनी गोळी चालू ठेवावयाची आहे, हे डॉक्टरांनी गृहीत धरले असावे. कागदावर ते नव्हते.

गोळी सुरू करण्यापूर्वी ती दोघे माझ्याकडे आशीर्वादासाठी आली. मी प्रार्थना केली, पवित्र मरियेची नोव्हेना करावयास सांगितले. निघताना दारात उभी राहून ती म्हणाली, "फादर, दोन-दोन हार्मोनच्या गोळ्या एकाच टायमाले घेतल्या तं आंगात गरमी होते म्हनते, म्हून थायरॉइडची म्या बंद केली."

मी ते शब्द ऐकले. आणि उत्तर काय दिले? "देवावर भरवसा ठेव, बाळ."

तिसऱ्या महिन्यात गर्भ राहिला. घरात आनंदीआनंद झाला. नवव्या आठवड्यात तो गर्भ गेला. नंतर रक्त तपासले, तेव्हा थायरॉइडचे मान फारच बिघडलेले आढळले. गर्भ त्याच कारणाने गेला असे डॉक्टरांनी ठामपणे म्हटले नाही, आणि मीही म्हणत नाही. पुष्कळ गर्भ कोणतेही कारण न कळता जातात. परंतु थायरॉइडच्या कमतरतेवर उपचार न झाल्यास गर्भपाताची भीती वाढते, हे वैद्यकशास्त्राला पक्के ठाऊक आहे. त्या संकटाचे एक दार आम्ही उघडे ठेवले होते, एवढे खरे.

जुन्या करारातील हन्नेची कथा तुम्हांस माहीत आहे. शिलो येथील मंदिरात ती मुलासाठी प्रार्थना करीत होती. तिचे ओठ हलत होते, आवाज बाहेर येत नव्हता. याजक एली याने तिला पाहिले आणि ती मद्य प्यालेली आहे असे समजला. मूल नसलेल्या स्त्रीचे दुःख ओळखण्यात एक याजक चुकला, हे पवित्र शास्त्राने लपविलेले नाही. तथापि हन्नेने उत्तर दिले, तेव्हा एलीने ते ऐकून घेतले आणि आपला समज बदलला. माझ्यापुढे आलेल्या हन्नेने तर आपण होऊन उत्तर दिले होते; मीच ते ऐकले नाही.

तेव्हापासून मी या विषयाची माहिती जाणत्या डॉक्टरांकडून करून घेतली. मी वैद्य नव्हे. कोणती गोळी, किती, केव्हा, हे ज्याचे त्याच्या डॉक्टरांनी ठरवावे. परंतु सर्वसामान्य कुटुंबाने जे समजून घ्यावयास हवे, तेवढे सांगतो. त्या सर्वांचे सार बागवानकाकांच्या वाक्यात आहे : आधी दुखणे, मग बहार. आणि बहार धरला म्हणून दुखण्याचे औषध थांबवावयाचे नाही.

आपल्या मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी एक ग्रंथी आहे. तिला पियुषिका म्हणतात. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीस, स्त्रीच्या बीजकोशांस आणि स्तनांस तिच्याकडूनच आज्ञा जातात. या आज्ञा रक्तावाटे नेणाऱ्या द्रव्यांनाच हार्मोन किंवा संप्रेरके म्हणतात. एकाच विहिरीवरून चार वाफ्यांना पाणी जात असावे, तशी ही व्यवस्था आहे. एका पाटाचे बांध फुटले, की दुसऱ्या वाफ्याचे पाणी कमी-अधिक होते. म्हणून बीज तयार होत नाही असे दिसले, तरी दोष बीजकोशातच असेल असे नाही.

थायरॉइडचेच पाहा. ती ग्रंथी मंदावली, की थकवा येतो, वजन वाढते, पाळी बिघडते. इतकेच नव्हे, तर दूध आणणारे जे प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक आहे, तेही वाढू शकते आणि बीज पक्व होण्यात अडथळा आणते. अशा स्त्रीची थायरॉइड औषधाने ताळ्यावर आली, की कित्येकदा पाळी आपोआप सुधारते आणि बीजासाठी निराळ्या गोळीची गरजच उरत नाही. उलट थायरॉइड बिघडलेली ठेवून बीजाची गोळी घेणे, म्हणजे डिंक्या लागलेल्या झाडाला ताण देणे होय. गर्भ राहिल्यावर तर हे औषध अधिकच मोलाचे ठरते. पहिल्या तीन महिन्यांत बाळाची स्वतःची थायरॉइड ग्रंथी काम करू लागलेली नसते. त्याचा मेंदू घडण्यासाठी लागणारे संप्रेरक त्याला आईकडूनच मिळते. म्हणून गर्भ राहिल्याचे कळताच डॉक्टरांस त्वरित कळवावे. बहुतेक स्त्रियांना त्या काळात गोळीचे प्रमाण वाढवून द्यावे लागते.

ही थायरॉक्सिनची गोळी घेण्याचीही एक शिस्त आहे. सकाळी उपाशीपोटी, केवळ पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा अर्ध्या ते एक तासाने प्यावा. लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या तिच्याबरोबर घेतल्यास ती अंगी लागत नाही; त्यांत चार तासांचे अंतर असावे. आपल्याकडे आरोग्य केंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात आणि बायका सर्व गोळ्या एकदम तोंडात टाकून कामाला लागतात. औषध रोज पोटात जाते, पण रक्तात पोहोचत नाही. गोळीचे प्रमाण बदलल्यावर साधारण सहा आठवड्यांनी टीएसएच नावाची तपासणी पुन्हा करावी लागते. तो निकाल हाती येण्यापूर्वी उतावीळ होऊ नये.

दुसरा विकार बीजकोशांचा. १९३५ साली शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेंथॉल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांची पाळी अनियमित होती, काहींच्या अंगावर केस अधिक होते, आणि बीजकोशांत अनेक लहान पुटकुळ्या होत्या. आज त्याला पीसीओएस म्हणतात. त्या पुटकुळ्या म्हणजे गाठी नव्हेत. पक्व न होता अडून राहिलेली ती बीजे आहेत. या विकाराच्या मुळाशी पुष्कळदा साखरेचा कारभार बिघडलेला असतो. जिचे वजन अधिक आहे, तिने शंभरातील पाच ते दहा भाग उतरविले, म्हणजे सत्तर किलोच्या बाईने चार ते सात किलो, तरी अनेकींची पाळी सुधारते. परंतु हा विकार सडपातळ बायकांनाही होतो. त्यांनी उपास करून अशक्तपणा ओढवून घेऊ नये.

तिसरी गोष्ट साखरेची. मधुमेह असल्यास तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी आधी करून घ्यावी. गर्भ राहण्याच्या वेळी साखर फार वाढलेली असली, तर बाळाच्या अवयवांत दोष राहण्याचा धोका वाढतो. आणि ते अवयव घडतात तेव्हा आईला आपण गरोदर आहोत हे पुष्कळदा ठाऊकही नसते. चौथी गोष्ट प्रोलॅक्टिनची. बाळ नसताना स्तनांतून दूध येणे, सतत डोके दुखणे, दृष्टी अंधुक होणे, ही लक्षणे लाजेपोटी लपवू नयेत. त्यांवर औषध आहे.

आता बीजाच्या गोळीविषयी. या कामी दोन औषधे मुख्य आहेत. क्लोमिफेन हे जुने. त्याने स्त्रीबीज पक्व होते, हे १९६१ साली अमेरिकेत ग्रीनब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले. दुसरे लेट्रोझोल. हे मूळचे स्तनाच्या कर्करोगावरचे औषध; म्हणून डबीतील चिठ्ठीवर कर्करोगाचा उल्लेख असतो. शाळेत जाणारा पुतण्या ती चिठ्ठी मोठ्याने वाचतो आणि घरात हलकल्लोळ उडतो. "सुनेला कर्करोग आहे आणि डॉक्टरने आपल्यापासून लपविले," असा समज होऊन बसतो. असे काही नसते. तेच औषध थोड्या दिवसांसाठी दिले, की पियुषिकेस जाग येऊन बीज वाढू लागते.

या औषधाची आपल्या देशात एक कथाही झाली. २००५ साली कॅनडातून एक प्राथमिक अहवाल पुढे आला, की याने बालकांत दोष राहत असावेत. पुढच्याच वर्षी, २००६ साली, तेथीलच संशोधकांनी ९११ बालकांचा तपास प्रसिद्ध केला. त्यात तसा वाढीव धोका आढळला नाही. तरीही २०११ साली भारत सरकारने वंध्यत्वावर या औषधाचा वापर करण्यास बंदी केली. २०१४ साली अमेरिकेत पीसीओएस असलेल्या ७५० स्त्रियांची मोठी तुलना प्रसिद्ध झाली : क्लोमिफेन घेतलेल्या शंभर स्त्रियांमागे सुमारे १९ जणींना, तर लेट्रोझोल घेतलेल्या शंभरांमागे सुमारे २७ जणींना जिवंत बाळ झाले. २०१७ साली आपली बंदी उठली. आज पीसीओएससाठी जगभर हेच औषध प्रथम दिले जाते. म्हणून २०११ ते २०१७ या काळात कोणा मावशीने ऐकलेली "ती गोळी सरकारने बंद केली आहे" ही वार्ता आता जुनी झाली, असे समजावे.

परंतु त्या आकड्यांकडे पुन्हा एकदा पाहा. उत्तम औषध घेऊनही शंभरांतील सत्तरांहून अधिक जणींची ओटी त्या उपचारात रिकामी राहिली. गोळी म्हणजे हमी नव्हे. एका महिन्यात गुण आला नाही म्हणून डॉक्टर बदलणे, किंवा जुनी चिठ्ठी दाखवून औषधांच्या दुकानातून तीच गोळी महिनोन्‌महिने आणून घेणे, ही दोन्ही टोके टाळावीत. या उपचारात बीज किती वाढले हे पाळीच्या दहाव्या-बाराव्या दिवसापासून सोनोग्राफीने पाहावे लागते, कारण एकाहून अधिक बीजे पक्व होऊन जुळे राहण्याचा संभव असतो. क्लोमिफेन घेताना दृष्टी अंधुक झाली, तर ते थांबवून लगेच डॉक्टरांस सांगावे. जेथे सुया टोचून बीज वाढवितात, तेथे पीसीओएस असलेल्या स्त्रीने विशेष सावध असावे : पोट फुगणे, धाप लागणे, लघवी कमी होणे, असे झाल्यास सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आता माझ्या अनुभवातून सुचलेल्या तीन सूचना.

पहिली, पिशवीची. डॉक्टरांकडे जाताना घरातील सर्व औषधे एका पिशवीत भरून न्यावीत : थायरॉइडची, साखरेची, रक्तदाबाची, फिटची, वैदूने दिलेली पुडीसुद्धा. रक्तदाबाच्या आणि फिटच्या काही गोळ्या गर्भाला अपाय करतात. त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, परंतु गर्भ राहण्यापूर्वी डॉक्टरांकडून बदलून घ्याव्यात. पिशवी टेबलावर ठेवून एकच प्रश्न विचारावा : "यांतली कोणती चालू ठेवायची, कोणती थांबवायची?" आणि उत्तर कागदावर लिहून मागावे. छिंदवाड्याचा कागद नागपुरास न्यावा, नागपूरचा छिंदवाड्यास. त्याच वेळी फोलिक आम्लाच्या गोळीविषयी विचारावे. ती गर्भ राहण्याच्या निदान एक महिना आधीपासून घ्यावयाची असते.

दुसरी, पतिराजांसाठी. मूल न होण्याच्या जवळजवळ निम्म्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूनेही काही उणीव असते. त्याची पहिली तपासणी सोपी आहे आणि कमी खर्चाची आहे. असे असता पत्नीने दोन वर्षे सुया टोचून घ्याव्यात आणि पतीने एकदाही प्रयोगशाळेची पायरी चढू नये, हा न्याय कोणता? तोंडातील खर्रा आणि बिडी हीही बीजाचे नुकसान करतात. वेदीसमोर दोघांनी मिळून वचन दिले आहे. तपासणीही दोघांनी मिळून करावी.

तिसरी, काळाची. एक वर्ष प्रयत्न करून मूल झाले नाही, तर डॉक्टरांकडे जावे. वय पस्तिसाच्या पुढे असेल, तर सहा महिन्यांनीच. आणि पाळीच अनियमित असेल, तर थांबूच नये.

काही भाविक माता मला विचारतात, "फादर, अशी औषधे घेणे पाप तर नाही?" नाही. २००८ साली धर्मसिद्धांत मंडळाने व्यक्तीच्या प्रतिष्ठेविषयी जे शिक्षणपत्र काढले, त्यात वंध्यत्वावरील संप्रेरकांच्या उपचारांचे नावच घेऊन ते योग्य असल्याचे सांगितले आहे. पती-पत्नींच्या एकीकरणातील अडथळा दूर करणारे औषध त्या एकीची जागा घेत नाही, तिला साहाय्य करते. प्रयोगशाळेत गर्भ तयार करण्याच्या मार्गास मात्र धर्मसभा संमती देत नाही. तो मार्ग कोणी सुचविला, तर मनात कुढण्याऐवजी आपल्या धर्मगुरूंशी निःसंकोच बोलावे. आणि हेही ध्यानात असावे, की ज्या दांपत्यास मूल झाले नाही, त्यांचा विवाह अपुरा नसतो.

शेवटी घरातील वडीलधाऱ्यांस एक विनंती. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात जांब नदीवर काय होते, ते तुम्ही जाणता. एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्या काठावर सावरगाव. मध्ये पात्रात पळसाचे झाड रोवलेले, आणि दोन्हीकडून गोटे. मूल नसलेल्या घरात ही गोटमार बारा महिने चालते. सासर म्हणते, "मुलीत खोट होती, सांगितले नाही." माहेर म्हणते, "तुम्हीच नीट उपचार केले नाहीत." आणि त्या दोन काठांच्या मध्ये जी उभी असते, तिला दोन्हीकडचे गोटे लागतात. तिला वांझ म्हणू नका. सणासुदीला, ओटीभरणाला तिला मागे सारू नका. एलिझाबेथबाईंनाही लोकांनी उतारवयापर्यंत हाच शब्द लावला होता.

ते दांपत्य अजून वाट पाहत आहे. तिची थायरॉइड आता ताळ्यावर आहे. त्याचीही तपासणी झाली आणि त्याने खर्रा सोडला आहे. बीजाच्या गोळीचा हा तिसरा महिना. पुढे काय होईल, ते मला ठाऊक नाही. गेल्या रविवारी मिस्सेनंतर ती दोघे भेटली. या वेळी मी आशीर्वाद देण्यापूर्वी विचारले, "बाळ, सकाळची गोळी घेतलीस?"

ती हसली आणि म्हणाली, "घेतली, फादर. मिस्सेले निघायच्या आधीच, उपाशीपोटी."

मग आम्ही तिघांनी मिळून प्रार्थना केली.

तुमचा,
धर्मगुरू